हातातून भांडं निसटतंय? तपासणी मानेपासून सुरू करा

बरणीचं झाकण उघडेनासं झालं की बहुतेक जणी मनगटाला पट्टा बांधतात, नाहीतर रबरी चेंडू दाबायला घेतात. १५ दिवस चेंडू दाबूनही पकड सुधारत नाही आणि मान मात्र पहिल्यापेक्षा जास्त धरते. जोर लावून दाबताना खांदा कानाकडे चढतो आणि ज्या मानेमुळे हात दुबळा झालाय, तिच्यावरच आणखी ताण येतो. मान दुखत असेल आणि त्याच बाजूचा हात जड, बधिर किंवा कमजोर वाटत असेल, तर तपासायचं वरून खाली आणि बळ वाढवायचं तेही वरून खाली. आधी मान, मग खांद्याचं पातं (पाठीवर हाताला लागणारं त्रिकोणी हाड), मग कोपर, शेवटी बोटं.

दुखणं मानेत, तक्रार हातात: असं का होतं

मानेत मणके ७ आणि मज्जातंतूंच्या जोड्या ८. त्यांतल्या खालच्या ४ आणि छातीच्या पहिल्या मणक्याजवळची १ अशा पाच मुळांची खांद्याशी वेणी गुंफली जाते आणि तिच्यातून हाताच्या सगळ्या नसा फुटतात. मणक्यांमधली गादी बाहेर आली किंवा वयानुसार हाडाला टोकं आली की नस बाहेर पडण्याची वाट अरुंद होते. मूळ दबतं, सुजतं आणि त्याच्या ताब्यातल्या स्नायूंचं बळ खरोखर घटतं. ‘नस दबलीय’ म्हणतात ते हेच.

पण हात कमजोर वाटणाऱ्या सगळ्यांचीच नस दबलेली नसते. खांद्याचं पातं बऱ्याच अंशी मानेला टांगलेलं आहे. मानेच्या वरच्या ४ मणक्यांपासून पात्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा एक स्नायू आहे आणि कवटीपासून खांद्याच्या टोकापर्यंत पसरलेला दुसरा. बादली उचला, पोळी लाटा, कपडे पिळा, प्रत्येक वेळी ओढ मानेच्या मणक्यांवर जाते. मान दुखायला लागली की हे स्नायू आपलं काम नीट वाटून घेत नाहीत. पातं खाली उतरतं किंवा पुढे कलंडतं आणि हाताचा पायाच हलतो. जात्याची खालची तळी डगमगत असेल तर खुंटा कितीही घट्ट धरला तरी दळण नीट पडत नाही, तसंच हे.

तिसरं कारण सहसा कुणी सांगत नाही. डोकं कुठल्या बाजूला किती वळलंय, ही खबर मेंदूला मानेच्या खोल स्नायूंकडून मिळते. ते दुखरे झाले की खबर चुकीची जाते आणि डोळा व हात यांचा मेळ बिघडतो. सुईत दोरा ओवणं, भरतकाम, रांगोळीची रेघ यांत हे आधी जाणवतं.

बायकांच्या बाबतीत गणित आणखी अवघड होतं. डोक्याचं वजन साधारण ४.५ ते ५.५ किलो, पुरुषांपेक्षा फारसं कमी नाही, पण ते पेलणाऱ्या मानेच्या स्नायूंचं बळ बरंच कमी. शिवाय मनगटात नस दबण्याचं प्रमाण बायकांत पुरुषांच्या तिप्पट आहे. गरोदरपण, थायरॉइड आणि मधुमेह त्याला हातभार लावतात. म्हणून एकाच हातात मानेचा आणि मनगटाचा असे दोन्ही त्रास एकत्र असणं अजिबात दुर्मीळ नाही.

व्यायामाआधी हे वगळा

डाव्या हातात कळ, सोबत घाम, मळमळ, धाप किंवा जबड्यात दुखणं असेल तर मान तपासत बसू नका. बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत फारसं न दुखताही येतो. महाराष्ट्रात १०८ ला फोन करा.

दोन्ही हात एकदम बोथट झालेत, ब्लाउजचे हूक लागत नाहीत, अक्षर बिघडलंय, चालताना तोल जातो, मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं किंवा लघवीवरचा ताबा सुटतोय, तर दाब नसेच्या मुळावर नसून थेट मज्जारज्जूवर असू शकतो. घरी एक चाचणी करता येते. मूठ पूर्ण मिटायची आणि पूर्ण उघडायची, जमेल तितक्या वेगाने, १० सेकंद. २० पेक्षा कमी वेळा झालं किंवा बोटं अर्धवटच उघडली, तर याच आठवड्यात अस्थिरोग किंवा मेंदूविकार तज्ज्ञांना भेटा. लघवीचा त्रास किंवा चालण्यातला फरक असेल तर त्याच दिवशी.

पडणं किंवा अपघातानंतर सुरू झालेली मानदुखी, ताप, कारण नसताना उतरलेलं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, रात्री झोपून न थांबणारा ठणका, यांतलं काहीही असलं तर आधी डॉक्टर. संधिवात, म्हणजे लहान सांधे सुजणारा आमवात, अनेक वर्षांचा असेल तर मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात. अशा बाईने मानेला झटका देऊन घेणं जिवावर बेतू शकतं. तसं पाहिलं तर मान मोडून घेणं कुणीच करू नये. झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला इजा झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. पार्लरमध्ये केस धुताना बेसिनच्या कडेवर मान मागे टाकून बराच वेळ पडून राहणंही टाळा. कडेवर जाड टॉवेल मागून घ्या आणि मान फार मागे जाऊ देऊ नका.

घरची तपासणी: २० मिनिटं, एक वही, एक मदतनीस

मानेकडे वळण्याआधी फक्त पकडीचा आकडा वहीत लिहून घेऊ, म्हणजे पुढे त्याच्याशी तुलना करता येईल. काट्याचं, हाताने फुगा दाबायचं बीपीचं मशीन लागेल. पट्टा गुंडाळून सुरळी करा, दोऱ्याने सैलसर बांधा, काटा २० वर येईल इतकीच हवा भरा. खुर्चीत ताठ बसा, दंड अंगालगत, कोपर काटकोनात. सुरळी ३ सेकंद पूर्ण ताकदीने दाबा, काटा कुठवर गेला ते मदतनिसाने लिहावं. एका हाताने ३ वेळा, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती, मग दुसऱ्या हाताने. प्रत्येक हाताची सरासरी काढा. कामाचा हात दुसऱ्यापेक्षा साधारण १० टक्के जास्त भरतो. तो दुसऱ्यापेक्षा मागे पडत असेल तर घट खरी आहे.

आता तीच चाचणी हाताखाली दोन उशा घेऊन करा, म्हणजे हाताचं ओझं खांद्यावर राहणार नाही. आकडा लक्षणीय वाढला तर पात्याचा पाया ढिला असल्याचा हा चांगला सुगावा. अजिबात वाढला नाही आणि बोटंही बधिर असतील तर नसेकडे लक्ष द्या.

त्यानंतर मान. उजवीकडे, डावीकडे वळवून पाहा. दुखऱ्या बाजूला वळण ६० अंशांपेक्षा कमी, म्हणजे काटकोनाच्या दोन तृतीयांशाहून कमी होतंय का? मग किंचित वर बघून मान हळूच दुखऱ्या बाजूला कलती करा आणि ५ सेकंद थांबा. वरून दाब देऊ नका, कुणाला देऊही देऊ नका. हातात कळ किंवा मुंग्या उतरल्या तर मुळावर दाब असण्याची शक्यता वाढते. शेवटी दुखऱ्या हाताचा पंजा डोक्यावर ठेवा. मिनिटभरात हात हलका वाटला तर तीही मानेकडेच बोट दाखवणारी खूण. अनेक जणी रात्री नकळत अशाच झोपतात.

याच्या उलट, हात वर केल्यावरच, म्हणजे वेणी घालताना, दोरीवर कपडे टाकताना, लोकलमध्ये कडी धरताना हात जड होऊन मुंग्या येत असतील, तर नसा गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये चेपल्या जात असाव्यात. हा प्रकारही बायकांतच जास्त दिसतो.

खोल स्नायूंचा दम मोजायला उताणं झोपा, गुडघे दुमडा. हनुवटी गळ्याकडे घेऊन डोकं जमिनीपासून फक्त २ ते ३ सेंटिमीटर उचला. हनुवटी पुढे सुटेपर्यंत किती सेकंद गेले? मान न दुखणारी बाई सरासरी अर्धा मिनिट धरते. १० सेकंदांत डोकं थरथरायला लागलं तर मानेचे पुढचे स्नायू पार थकलेले आहेत.

डोळा-हाताच्या मेळासाठी लेझर पॉइंटर हेअरबँडला कपाळावर बांधा आणि भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर बसा. ठिपका पडेल तिथे खूण करा. डोळे मिटून मान पूर्ण वळवा आणि अंदाजाने पुन्हा मध्यावर आणा. ठिपका खुणेपासून ७ सेंटिमीटरहून जास्त चुकत असेल, तेही वारंवार, तर मानेची खबर बिघडलेली आहे.

कोणती नस?

मदतनीस हलका विरोध करेल आणि तुम्ही धरून ठेवायचं. दोन्ही बाजू तपासा, नाहीतर फरक कळणार नाही.

दंड बाजूला उचलून धरता येत नाही आणि खांद्याच्या बाहेरच्या अंगाला बधिरपणा: पाचवं मूळ. मनगट वर उचलून धरता येत नाही, कोपर दुमडण्यात जोर नाही, अंगठा-तर्जनी बधिर: सहावं. खुर्चीच्या हातांवर रेटून उठताना कोपर सरळ होत नाही, मधलं बोट बधिर: सातवं. दबण्याच्या तक्रारी सर्वांत जास्त याच मुळाच्या असतात, त्याखालोखाल सहाव्याच्या. बोटं घट्ट मिटत नाहीत, करंगळी आणि कोपराखालची आतली बाजू बधिर: आठवं. बोटं पसरून ती मिटू न देता धरता येत नसतील तर छातीचं पहिलं.

इथेच मनगटाशी घोळ होतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर, रात्री मुंग्यांनी जाग, हात झटकला की बरं वाटणं, मान हलवून काहीच फरक नाही: हे मनगटाचं लक्षण. दोन्ही हातांच्या पालथ्या बाजू एकमेकींना टेकवून मनगटं खाली दुमडून ६० सेकंद धरली तर त्याच बोटांत मुंग्या येतील. फक्त करंगळी आणि अर्धी अनामिका बधिर आणि कोपराखालची बाजू शाबूत असेल तर कोपरापाशी दाब असू शकतो. फोन कानाला लावून तासन्‌तास बोलण्याची सवय तिथे तपासा.

दोन्ही हातांना आणि दोन्ही पायांनाही मुंग्या येत असतील तर मानेचा नाद सोडा. साखर, थायरॉइड आणि ब-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. शाकाहारी घरांत ब-१२ ची कमतरता फार सर्रास आढळते आणि ती व्यायामाने भरून निघत नाही.

एमआरआयबद्दल थोडं

‘मणक्यांत गॅप आलाय’ हे वाक्य ऐकून घाबरलेल्या बायका हात वापरणंच सोडतात, आणि त्यातूनच हात खरा दुबळा होतो. जपानमध्ये मान-हाताची कसलीच तक्रार नसलेल्या १२११ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा ८७.६ टक्के लोकांत गादी बाहेर आलेली दिसली. हा अभ्यास २०१५ चा. म्हणजे फोटोतली गादी वरच्या तपासणीशी जुळली तरच तिला अर्थ. एमआरआय लागतो तो बळ वेगाने घटत असेल, मज्जारज्जूची लक्षणं असतील किंवा सहा आठवडे नीट उपचार करूनही हातातली कळ तशीच असेल तेव्हा.

घर आणि काम बदला, मगच व्यायाम

ओटा. आपल्याकडे ओटे सरसकट ३४ इंचांचे, म्हणजे ८६ सेंटिमीटरचे बांधतात, मग घरात उंची कितीही असो. सरळ उभ्या राहा, कोपर काटकोनात आणा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. चिरण्यासाठी पृष्ठभाग त्याहून ५ ते १० सेंटिमीटर खाली हवा, लाटण्यासाठी १० ते १५, कणीक मळण्यासाठी १५ ते २५. पोळपाटाची उंचीही मोजायला विसरू नका, ती ५-६ सेंटिमीटर सहज खाते. तुमची कोपरापर्यंतची उंची ९५ सेंटिमीटर असेल तर ३४ इंचांच्या ओट्यावर पोळपाट ठेवल्यावर लाटताना खांदे चढणारच. उपाय स्वस्त आहे: पायाखाली १० सेंटिमीटर उंचीचा, न हलणारा, रुंद पाट. कणीक जेवणाच्या टेबलावर मळा, ते सहसा ७५ सेंटिमीटरचं असतं. २० पोळ्या एका दमात लाटण्याऐवजी ७-८ लाटा, मग हात खाली सोडून भाजी बघा.

कपडे पिळणं दबलेल्या नसेसाठी सर्वांत वाईट काम, कारण पकड, पीळ आणि खांद्याची ओढ एकाच वेळी लागते. ओले कपडे नळावर टांगून निथळू द्या. १५ लिटरची भरलेली बादली म्हणजे १५ किलो. एका हाताने ती नेण्यापेक्षा अर्ध्या-अर्ध्या दोन बादल्या दोन हातांत बऱ्या.

लॅपटॉप मांडीवर किंवा गादीवर नको. खाली पुस्तकं ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, अंतर ५० ते ७० सेंटिमीटर, कीबोर्ड आणि माउस वेगळे. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलावर पूर्ण टेकलेला हवा. सोलापुरात विड्या वळणाऱ्या किंवा दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईला पडदा नसतो, पण मानेचा कोन तोच असतो. तिथे सूप किंवा कापड उशीवर ठेवून डोळ्यांजवळ आणा आणि दर २० मिनिटांनी ३० सेकंद वर बघा.

बाळाला पाजताना छाती बाळाकडे नेऊ नका, मांडीवर उशी घेऊन बाळ छातीपर्यंत आणा. पर्स एकाच खांद्यावर लटकत असेल तर आधी रिकामी करा, मग पट्टा आडवा घाला. छाती जड असेल तर अंतर्वस्त्राचे पट्टे रुंद हवेत आणि वजन खालच्या पट्टीवर यायला हवं, खांद्यात वळ उठत असतील तर माप चुकलंय. कुशीवर झोपताना उशीची जाडी मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंतच्या अंतराइतकी असावी. कमी पडली तर अभ्र्यात घडी घातलेला टॉवेल घाला. पालथं झोपणं बंद.

व्यायाम: १२ आठवडे, वरून खाली

पहिले दोन आठवडे. उताणं झोपून डोक्याखाली घडीचा टॉवेल. अगदी बारीक ‘हो’ म्हणावं तशी हनुवटी खाली, डोकं टॉवेलवरच. १० सेकंद धरा, १० वेळा, दिवसातून दोनदा. दोन बोटं गळ्याच्या बाजूच्या दोरीसारख्या स्नायूवर ठेवा. तो टणक झाला तर तुम्ही चुकीचा स्नायू वापरताय, जोर निम्म्यावर आणा. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात, कारण व्यायाम इतका हलका आहे की काही केल्यासारखंच वाटत नाही.

नस दबल्याची लक्षणं असतील तर सोबत नस सरकवण्याचा व्यायाम. हात बाजूला खांद्याच्या थोडा खाली, तळवा वर. कोपर सरळ करताना मान त्याच हाताकडे कलती करा, कोपर दुमडताना मान उलट बाजूला. १० वेळा, दोन फेऱ्या, शेवटच्या टोकाला थांबायचं नाही. उलट केलंत, म्हणजे कोपर सरळ आणि मानही दूर, तर नस ताणली जाते आणि रात्रभर हात ठणकतो. मुंग्या १० मिनिटांनंतरही राहिल्या तर कोपर अर्धाच उघडा.

रोज २० मिनिटं चाला, हात मोकळे सोडून. शेक १५ मिनिटं, बधिर जागेवर नाही, तिथे चटका कळत नाही. गळपट्टा फार तर काही दिवस, तोही डॉक्टरांनी सांगितला तरच.

तिसऱ्या आठवड्यापासून पातं. भिंतीवर तळवे टेकवून कोपरं सरळ ठेवा, पाठ मागे ढकलत पाती बाजूला पसरा, मग परत आणा. १२ वेळा, दोन फेऱ्या. दाराच्या कडीला व्यायामाचा रबरी पट्टा बांधून कोपरं मागे ओढा, खांदे कानांपासून लांब. हात अंगापासून ३० अंश बाजूला ठेवून अर्धा लिटरच्या पाण्याच्या बाटल्या धरा आणि खांदे हळू वर-खाली करा. एक दिवसाआड, १०-१२ च्या दोन फेऱ्या. दोन्ही फेऱ्या सहज होऊ लागल्या की लिटरच्या बाटल्या घ्या. मानेसाठी तळवा कपाळावर, मागे, दोन्ही बाजूंना ठेवून पूर्ण ताकदीच्या पावपट जोराने १० सेकंद दाबा, डोकं हलू न देता.

सातव्या आठवड्यापासून बोटं. आता चेंडू चालेल, पण हात टेबलावर टेकवून आणि खांदा खाली ठेवून. कपडे वाळत घालायचे चिमटे अंगठा आणि एकेका बोटाने १५ वेळा उघडा. पाच नाणी एकेक करून तळहातात साठवा आणि त्याच हाताने एकेक बाहेर काढा. लेझरची चाचणी चुकली असेल तर तीच रोज पाच मिनिटं डोळे उघडे ठेवून, मग मिटून करा. तोच व्यायाम.

मान गोल-गोल फिरवणं आणि दुखरा खांदा जोराने ताणणं सोडा. दारावर टांगायचं वजन लावून मान ओढणं तज्ज्ञाशिवाय नको.

बरं वाटायला लागल्यावर व्यायाम सोडणं ही शेवटची आणि सर्वांत महागडी चूक. फिनलंडमध्ये जुनाट मानदुखी असलेल्या १८० कार्यालयीन महिलांवर झालेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वर्षभर मान आणि खांद्यांचं बळ वाढवणाऱ्या महिलांचा त्रास फक्त ताणाचे आणि एरोबिक (चालण्यासारखे दम वाढवणारे) व्यायाम करणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त घटला. कालावधी वर्षभराचा होता, हे ध्यानात असू द्या.

पकडीचा आकडा दर दोन आठवड्यांनी, दिवसाच्या त्याच वेळी मोजा. नसेची कळ बहुतेकींची ६ ते १२ आठवड्यांत बरीच ओसरते, बळ त्यामागून येतं आणि बधिरपणा सगळ्यांत शेवटी जातो, त्यामुळे कळ गेली पण अंगठा अजून बधिर, याने धास्तावू नका. पण कळ गेली आणि आकडा मात्र सलग दोनदा खाली उतरला, तर ते बरं होणं नाही, नस काम सोडतेय. वहीसकट डॉक्टरांकडे जा.